काम सोपवा, किल्ली नको

एका छोट्या संस्थेचा निधी ब्लॉकचेनवरच्या (म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या सामायिक हिशेबवहीतल्या) एका वॉलेटमध्ये ठेवलेला आहे, असं धरून चालू. हिशेब पाहणाऱ्या बाई महिनाभर रजेवर निघाल्या आहेत. त्यांच्या मागे दर आठवड्याला चार जणांचं मानधन चुकतं करायचं आहे आणि ते काम एका तरुण सहकाऱ्याकडे आलं आहे. निघायच्या गडबडीत बाई वॉलेटची किल्ली असलेल्या, वहीत जपून ठेवलेल्या बारा शब्दांचा फोटो काढतात, त्याला पाठवतात आणि बजावतात, "काम झालं की फोटो डिलीट कर हं."

यात काहीतरी चुकतंय हे दोघांनाही कळत असतं. तरी ते घडतं, कारण दुसरी सोपी वाट त्यांना कुणी दाखवलेलीच नसते. सुरक्षितता हवी तर गैरसोय सोसावी लागणार, असं या क्षेत्रात फार सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. सोय नसते तिथेच माणसं किल्ली देऊन मोकळी होतात, किंवा पन्नास वेळा सही मागितली की एक्कावन्नाव्या वेळी न वाचता करतात. घात होतो तो तिथे. म्हणून दुसऱ्याला अधिकार कसा द्यावा हा प्रश्न मला तांत्रिक तपशिलाइतका किरकोळ वाटत नाही.

बारा शब्दांत नेमकं काय असतं

बँक तुम्हाला ओळखते. पासवर्ड गेला तरी खातं तुमचंच राहतं. ओळख पटवली की नवा पासवर्ड मिळतो. ब्लॉकचेनला तुमची ओळख नसते. ती एवढंच तपासते की आलेल्या व्यवहारावर योग्य प्रायव्हेट कीची सही आहे का. ही की म्हणजे २५६ बिटांची एक प्रचंड, गुप्त ठेवायची संख्या. बारा किंवा चोवीस शब्दांच्या त्या यादीतून अशी एकच नाही, हव्या तेवढ्या की तयार करता येतात. म्हणजे ज्याच्याकडे ते शब्द आहेत, त्याच्याकडे त्यांतून निघणारी सगळी खाती आहेत, आजची आणि उद्याचीही.

आणि हे शब्द बदलता येत नाहीत. खात्याचा पत्ता कीपासूनच काढलेला असतो, त्यामुळे की बदलायची तर पत्ताच बदलावा लागतो आणि सगळी मालमत्ता नव्या पत्त्यावर हलवावी लागते. सहकाऱ्याने फोटो खरोखर डिलीट केला की नाही, त्याच्या फोनचा बॅकअप आणखी कुठे गेला, हे बाईंना कधीच कळणार नाही.

आपल्या कायद्याच्या भाषेत यासाठी एक छान शब्द आहे, मुखत्यारपत्र. त्याचे दोन प्रकार सगळ्यांना ऐकून माहीत असतात. कुलमुखत्यारपत्र म्हणजे माझ्या वतीने सगळं कर. विशेष मुखत्यारपत्र म्हणजे एवढं एकच काम कर. नीट लिहिलेल्या विशेष मुखत्यारपत्रात अधिकार कुणाला दिला, कशासाठी दिला, किती रकमेपर्यंत दिला आणि कधीपर्यंत दिला हे स्पष्ट असतं, आणि देणाऱ्याला ते रद्द करता येतं. बारा शब्द पाठवणं हे कुलमुखत्यारपत्राच्याही पलीकडचं आहे, कारण कुलमुखत्यारपत्र निदान रद्द तरी करता येतं.

इंटरनेटने हा धडा आधी एकदा गिरवलेला आहे. एके काळी नवी वेबसाइट "तुमचे मित्र शोधून देतो" म्हणून सरळ तुमच्या ईमेलचा पासवर्ड मागायची आणि लोक तो द्यायचे. पुढे ओऑथ नावाची पद्धत आली, तिची दुसरी आवृत्ती २०१२ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. आता एखादं अ‍ॅप म्हणतं, "मला फक्त कॅलेंडर पाहू द्या"; तुम्ही हो म्हणता, पासवर्ड त्याच्यापर्यंत जात नाही आणि वाटेल तेव्हा ती परवानगी काढून घेता येते. ब्लॉकचेन आज त्याच वळणावर आहे. फरक इतकाच की इथे चूक झाली तर थेट पैसे जातात आणि व्यवहार उलटवणारं कुणी नसतं.

अर्धवट लिहिलेलं मुखत्यारपत्र

इथेरियम या ब्लॉकचेनवर टोकन (चेनवर नोंदलेलं, एकाकडून दुसऱ्याकडे देता येणारं नाणं) कसं असावं याचा ईआरसी-२० हा नमुना २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये मांडला गेला. त्यात 'अप्रूव्ह' नावाची सोय आहे. एखाद्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला (चेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला) तुमच्या टोकनांची अदलाबदल करून द्यायची असेल, तर आधी तुम्ही टोकनच्या कॉन्ट्रॅक्टला सांगायचं, "या पत्त्याला माझ्या खात्यातून अमुक इतके टोकन उचलू दे." मग तो ते उचलतो. अधिकार सोपवण्याचं हे ब्लॉकचेनवरचं सर्वांत रुळलेलं रूप, आणि बहुतेकांनी ते वापरलं आहे, आपण कुणाला तरी अधिकार देतोय हे लक्षात न येताच.

अडचण आली ती सोयीपोटी. दर वेळी अप्रूव्ह करायचं म्हणजे दर वेळी एक जादा व्यवहार, त्याचं गॅस शुल्क (चेनवर व्यवहार नोंदवायचा आकार) आणि थोडं थांबणं. म्हणून पुष्कळ अ‍ॅप्स पहिल्याच वेळी रकमेच्या जागी शक्य तितकी मोठी संख्या टाकून मागतात. ती आकड्यांत लिहायची तर ७८ अंक लागतात. तुमच्या खात्यात शंभर टोकन असतील, पण परवानगी अमर्याद. आणि मूळ नमुन्यात मुदतीला जागाच नाही. कुणाला आणि कोणतं टोकन एवढं लिहिलं जातं. किती आणि कधीपर्यंत, या रकान्यांत काहीच अर्थपूर्ण नसतं.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये बॅजरडाओ या प्रकल्पाच्या वापरकर्त्यांना याची किंमत मोजावी लागली. चोरांनी मूळ कॉन्ट्रॅक्ट फोडलंच नाही. त्यांनी प्रकल्पाच्या वेबसाइटमध्ये छुपा कोड घुसवला. नेहमीचं काम करायला आलेल्यांसमोर एक जादा परवानगी यायची, लोक सवयीने सही करायचे, आणि चोर ती परवानगी नुसती जमा करून ठेवायचे. पुरेशा परवानग्या गोळा झाल्यावर त्यांनी एकाच झपाट्यात सुमारे १२ कोटी डॉलरचे टोकन उचलले. सही आणि चोरी यांच्यात काळाचं अंतर होतं, म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

एनएफटीच्या, म्हणजे चेनवरच्या एकमेव डिजिटल वस्तूंच्या, नमुन्यात तर 'सेट अप्रूव्हल फॉर ऑल' अशीच आज्ञा आहे. नावातच सगळं आलं. एका संग्रहातली तुमची प्रत्येक वस्तू, आत्ता असलेली आणि पुढे घ्याल तीही, त्या पत्त्याच्या हाती जाते.

पुढे 'परमिट' आलं. यात व्यवहार पाठवावा लागत नाही, नुसती सही केली की काम होतं, ती सही समोरचा चेनवर नेऊन वापरतो. गॅस लागत नाही, फार सोयीचं. पण गॅस लागत नाही म्हणून लोकांना वाटतं की आपण काही दिलंच नाही, आणि फसवणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं. माझ्या मते इथली खरी सुधारणा म्हणजे २०२२ साली युनिस्वॅप लॅब्स या कंपनीने आणलेलं परमिट-२. त्यात परवानगीला मुदत घालता येते, आणि ठरलेला दिवस उलटला की ती आपोआप निकामी होते. विसराळू माणसाला वाचवणारी ही एक गोष्ट सुरुवातीपासून असायला हवी होती.

जाता जाता एक गैरसमज. वेबसाइटवर 'कनेक्ट वॉलेट' केल्याने साइटला फक्त तुमचा पत्ता कळतो आणि सही मागता येते. त्यामुळे 'डिस्कनेक्ट' दाबल्याने दिलेलं अप्रूव्हल रद्द होत नाही. अप्रूव्हल चेनवर लिहिलेलं असतं, ते चेनवरच जाऊन पुसावं लागतं.

डिसेंबरमध्ये संपलेलं काम, मार्चमध्ये झालेली चोरी

अधिकार देण्याबद्दल सगळे बोलतात, परत घेण्याबद्दल फार कमी. मला वाटतं, रोनिनची घटना या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने एकदा नीट समजून घ्यावी.

रोनिन ही अ‍ॅक्सी इन्फिनिटी या खेळासाठी उभारलेली चेन. तिला इथेरियमशी जोडणाऱ्या पुलावर (दोन चेनमध्ये पैसे ने-आण करणाऱ्या व्यवस्थेवर) नऊ व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहार तपासून सही करणारे, पहारा देत होते. पैसे बाहेर काढायचे तर नवांपैकी पाचांच्या सह्या लागत. त्यांपैकी चार खेळाची निर्माती कंपनी स्काय मॅव्हिस स्वतः चालवत होती. पाचवी सही बाहेरून आली पाहिजे, ही त्या रचनेतली शेवटची भिंत.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये खेळाडूंची इतकी गर्दी झाली की व्यवहार हाताळताना ताण येऊ लागला. तेव्हा अ‍ॅक्सी डाओ या दुसऱ्या व्हॅलिडेटरने स्काय मॅव्हिसला आपल्या वतीने सह्या करायची परवानगी दिली. तात्पुरती, मदत म्हणून. हेतू चांगला होता, गरजही खरी होती. डिसेंबरमध्ये ती व्यवस्था बंद झाली. काम थांबलं, पण परवानगीच्या यादीतून नाव कुणी काढलं नाही.

२३ मार्च २०२२ ला चोरांनी स्काय मॅव्हिसच्या यंत्रणेत शिरून चार की मिळवल्या. ती शेवटची भिंत त्यांना तोडावीच लागली नाही. तिच्यातलं दार तीन महिने उघडं होतं. १,७३,६०० ईथर (इथेरियमचं चलन) आणि २ कोटी ५५ लाख यूएसडीसी (डॉलरच्या किमतीशी बांधलेलं टोकन) गेले, तेव्हाच्या भावाने साठ कोटी डॉलरच्या वर. आणि हे उघडकीला आलं २९ मार्चला, एका वापरकर्त्याला ५,००० ईथर काढता येईनात तेव्हा. मधले सहा दिवस पुलाखालचा निधी रिकामा आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

या घटनेत कुठलंही गणित चुकलं नाही. कूटलिपी अभेद्य राहिली, नवांपैकी पाच हा नियमही तंतोतंत पाळला गेला. त्या मुखत्यारपत्रावर "३१ डिसेंबरपर्यंत" एवढे शब्द असते, आणि ते शब्द माणसाच्या आठवणीवर न सोडता कोडमध्ये लिहिलेले असते, तर पाचवी सही या वाटेने मिळाली नसती.

जिथे ही गोष्ट नीट जमली आहे

सर्वांत साधा अधिकार म्हणजे नुसतं पाहण्याचा. बिटकॉइनमध्ये त्यासाठी 'एक्सपब' आहे, २०१२ पासून. ही विस्तारित पब्लिक की हिशेबनिसाला दिली की त्याला सगळे पत्ते, सगळे व्यवहार दिसतात, नवे पत्तेही काढता येतात, पण एक पैसाही हलवता येत नाही. अर्थात, पाहणंही फुकटचं नसतं: तुमचा सगळा इतिहास त्याच्यासमोर उघडा होतो. शिवाय एक बारीक काटा आहे. एक्सपब आणि त्याच्याच साध्या शाखेतली एखादी प्रायव्हेट की अशा दोन्ही गोष्टी एकाच्या हाती पडल्या, तर त्यांतून वरची मूळ प्रायव्हेट की गणिताने काढता येते. म्हणून 'ही तर पब्लिक की आहे' म्हणून एक्सपब कुठेही टाकून देऊ नये.

स्टेकिंगमध्ये, म्हणजे चेनच्या पहाऱ्यासाठी पैसे गुंतवून ठेवण्यात, कामाची की आणि मालकीची की वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. इथेरियमवर व्हॅलिडेटर चालवायला किमान ३२ ईथर गुंतवावे लागतात आणि यंत्र अहोरात्र सुरू ठेवावं लागतं. ते यंत्र दुसऱ्याकडे सोपवायचं तर त्याला फक्त सह्या करायची की द्यायची. पैसे काढून घेण्याचा अधिकार ज्या पत्त्याला, तो पत्ता तुमच्याच ताब्यात. यंत्र चालवणाऱ्याने निष्काळजीपणा केला तर दंड बसेल, पण मुद्दल त्याच्या खिशात जाणार नाही. तरी यात एक उणीव बरीच वर्षं राहिली होती. व्हॅलिडेटर बंद करून पैसे सोडवण्याची प्रक्रिया फक्त सह्या करणाऱ्या कीनेच सुरू करता यायची. म्हणजे चालवणारा अडून बसला, तर मालक हात चोळत बसणार. ७ मे २०२५ ला झालेल्या पेक्ट्रा बदलानंतर ज्याच्या पत्त्यावर पैसे परत यायचे, त्याला स्वतःच बाहेर पडण्याची आज्ञा देता येते. दिलेला अधिकार परत घ्यायला घेणाऱ्याच्या मर्जीची गरज उरली नाही. माझ्या दृष्टीने हा छोटासा दिसणारा बदल फार मोलाचा आहे.

निअर या चेनने तर ही कल्पना खात्याच्या पायातच घातली. तिथे एका खात्याला अनेक की जोडता येतात आणि प्रत्येकीचा अधिकार वेगळा. एक पूर्ण अधिकाराची. दुसरी अशी की जी एकाच ठरावीक कॉन्ट्रॅक्टमधली ठरावीक फंक्शन्स चालवू शकते, शुल्कापोटी ठरलेल्या रकमेपर्यंतच खर्च करू शकते आणि व्यवहारासोबत पैसे पाठवूच शकत नाही. अशी की ब्राउझरमध्ये ठेवली आणि चोरीला गेली, तरी नुकसानीला मर्यादा आहे. कॉसमॉसच्या चेनवर 'ऑथ्झ' नावाची सोय अशीच आहे: एक खातं दुसऱ्याला सांगतं की या प्रकारचा व्यवहार, इतक्या रकमेपर्यंत, या तारखेपर्यंत माझ्या वतीने कर.

इथेरियमवर साध्या खात्याला हे जमत नव्हतं, कारण तिथे एक खातं म्हणजे एक की आणि त्या कीला सगळं माफ. तोडगा असा निघाला की वॉलेटच एक स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट करायचं. मग कुणाची सही चालेल, कशासाठी चालेल, हे त्या कॉन्ट्रॅक्टचा कोड ठरवतो. ईआरसी-४३३७ या नावाने ही पद्धत मार्च २०२३ मध्ये मुख्य जाळ्यावर सुरू झाली. तिच्यामुळे 'सेशन की' शक्य झाली. खेळताना प्रत्येक चालीला सही करायची म्हटलं तर खेळ कसला? त्याऐवजी सुरुवातीला एकदा सांगायचं, ही तात्पुरती की दोन तास, याच खेळात, एवढ्याच चालींसाठी. मर्यादा ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: ही की आत्ता चोराच्या हातात आहे असं समजलो, तर जे जाईल ते मला सोसेल का? सोसणार नसेल, तर मर्यादा अजून आवळायची.

पेक्ट्रानेच आणलेल्या ईआयपी-७७०२ मुळे आता जुन्या साध्या पत्त्यालाही असा कोड जोडता येतो. पत्ता तोच, वर नव्या सोयी. पण इथे जरा थांबून वाचावं लागतं. आपण इथे एका टोकनाची परवानगी देत नाही, आपल्या पूर्ण खात्याचं वागणं कुणाच्या तरी कोडच्या हवाली करतो. कोड खोटा असेल तर एका सहीत सगळं जातं. सहीत चेनच्या क्रमांकाच्या जागी शून्य असेल, तर ती एकाच चेनपुरती राहत नाही, ही सोय असलेल्या इतर चेनवरही लागू पडू शकते. आणि मूळ की पहिल्यासारखीच सर्वशक्तिमान राहते. ती आधीच फुटली असेल, तर वर कितीही चांगला कोड जोडला तरी उपयोग नाही.

दोघातिघांच्या सह्या पुरतात का

संस्था म्हटलं की मल्टिसिग आठवतं, म्हणजे तिघांपैकी दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे हलणार नाहीत. हे चांगलंच आहे. पण २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे १५० कोटी डॉलरचे ईथर गेले ते मल्टिसिगमधूनच. सह्या करणाऱ्यांच्या पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, कारण तो पडदाच चोरांनी बदललेला होता. प्रत्यक्षात ज्यावर सह्या झाल्या, त्या आज्ञेने वॉलेटचा कोडच बदलून टाकला. सगळ्यांनी एकाच खिडकीतून पाहिलं, तर तीन डोळे असून एकाच डोळ्याचं काम होतं. प्रत्येक सही करणाऱ्याने आपल्या वेगळ्या उपकरणावर, माणसाला वाचता येईल अशा शब्दांत मजकूर पाहिला तरच संख्येला अर्थ राहतो. हार्डवेअर वॉलेटवर (की जपणाऱ्या छोट्या उपकरणावर) अक्षरांची अनाकलनीय रांग दिसत असेल आणि खाली 'सही करा' असेल, तर ती सही आंधळीच.

आता पुन्हा त्या रजेवर निघालेल्या बाईंकडे. निधी मल्टिसिग वॉलेटमध्ये असता, तर त्या सहकाऱ्याने स्वतःच्या फोनवर स्वतःची नवी की तयार केली असती आणि बाईंना फक्त आपला पत्ता कळवला असता. वॉलेटला एक खर्चमर्यादेचं मॉड्यूल (जादा कोडचा तुकडा) जोडून त्यांनी त्या पत्त्याला दर आठवड्याला ठरावीक रक्कम पाठवण्याची मुभा दिली असती. तेवढ्यासाठी दुसऱ्या कुणाची सही लागली नसती, त्यापेक्षा एक टोकन जास्त लागलं तर लागली असती. मॉड्यूलमध्ये सोय असेल तर पैसे फक्त त्या चार पत्त्यांवरच जातील अशीही अट घालता येते. कोणता व्यवहार कुणी केला हे चेनवर कायमचं दिसलं असतं. बारा शब्द सगळ्यांकडे असले की ते दिसत नाही, आणि हा तोटा फार कमी लोकांच्या लक्षात येतो: पैसे गेले तर खऱ्या माणसालाही आपण निर्दोष आहोत हे दाखवता येत नाही. त्या तरुण सहकाऱ्याच्या दृष्टीनेही बारा शब्द न मिळणंच हिताचं आहे.

परतल्यावर बाईंना एक व्यवहार करावा लागला असता, ती मुभा काढून टाकण्याचा. त्याला थोडं गॅस लागतं आणि तो चेनवर नोंदला जाईपर्यंत जुना अधिकार चालूच असतो, म्हणून नोंद झाल्याचं डोळ्यांनी पाहून मगच काम संपलं म्हणायचं.

तुमच्या स्वतःच्या पत्त्याने आजवर कुणाकुणाला काय दिलं आहे, ते रिव्होक डॉट कॅशसारख्या ठिकाणी पत्ता टाकून पाहता येतं. फक्त पाहण्यासाठी वॉलेट जोडायचीही गरज नसते. ज्या टोकनांची शिल्लक आज शून्य आहे, त्यांच्या रांगाही सोडू नका. खातं रिकामं झालं तरी परवानगी तशीच राहते; तीन वर्षांनी त्याच पत्त्यावर तेच टोकन पुन्हा आलं, तर जुन्या परवानगीला ते उचलायला तुमच्या नव्या सहीची गरज पडत नाही.